खिडकीखालचे नर

तिला सगळे उंदीरमावशी म्हणायचे. वीस वर्षं ती संशोधन केंद्रासाठी शिवारातले रानउंदीर पकडत होती. दिवस मावळायच्या आत पिंजरे लावायचे, सकाळी उंदीर मानेला धरून उलटा करायचा, बघायचं, वहीत लिहायचं आणि सोडून द्यायचा.

"लोकांच्या बायका सोनं पारखतात, आमची काय पारखते ते विचारू नका," नवरा चारचौघांत म्हणायचा.

नराच्या गोट्या पाहिल्या की मावशीला कॅलेंडर लागत नसे. दिवस लहान झाले की त्या आक्रसून पोटात चढत आणि नर मादीकडे ढुंकूनही पाहत नसत. दिवस वाढले की पुन्हा उतरत. इतक्या वर्षांत यात तसूभर फरक नव्हता.

त्या वर्षी ऐन हिवाळ्यात, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या घरामागच्या तीन पिंजऱ्यांत नर भरात आलेले सापडले. अंग गरम, पिंजऱ्यात नुसती तडफड. चौथ्यात गाभण मादी. बाकी शिवार थंड पडलेलं. मावशीनं केंद्रातल्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, गोट्या उतरल्यात. भर थंडीत!"

"खायला भरपूर आहे का तिथं?"

"कसलं खायला? गवतसुद्धा वाळलंय."

"मग उजेड बघा. रात्रभर उजेड असला तर त्यांना दिवस मोठाच वाटतो."

घड्याळजी एकटेच राहायचे. थंडीत लेकीकडे जाणार म्हणाले होते, म्हणून ते गेलेच असं सगळ्यांनी धरलं होतं. मावशी दुपारीच परत त्यांच्या घरामागे गेली. मागच्या खिडकीवर धूळ साचली होती. तिनं पदरानं काच पुसली. आत टेबलावरचा दिवा जळत होता. विसरले असतील, ती पुटपुटली. मग दिव्याच्या उजेडात तिला स्वेटरची बाही दिसली. बाहीत हात होता, हातात चिमटा.

"घड्याळजी, अहो!" तिनं काच ठोठावली.

हात हलला नाही. मग तिला बोटांचा रंग दिसला आणि ती पोलिसांना बोलवायला धावली.

पोलिसांनी दार फोडलं. जाऊन दोन महिने झाले असावेत, डॉक्टर म्हणाले. समोर उघडलेलं घड्याळ तसंच होतं. दिवा एका हवालदारानं बंद केला.

लेक आली. वडिलांशी तिचं बोलणं बंद होतं, ते येणार होते हे तिला ठाऊकच नव्हतं. तिनं मावशीचा हात धरून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

मावशीच्या जिभेवर खरं उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं. "दिवा दिसला, बाई."

पाचसहा आठवड्यांनी खिडकीखालचे नरही थंड पडले. गाभण मादीला सहा पिल्लं झाली होती. त्यातलं एकही थंडीत टिकलं नाही. मावशीनं तेही वहीत लिहिलं.