दोन खाती, एक डॉलर

डॉलरचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे, आपल्याकडे सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील. गोंदियात माझं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक नसलं की मी दलालाला फोन लावून डॉलरचा एखादा छोटा सौदा करायचो. मला त्याची भारी गोडी लागली होती.

अडचण एकच. डॉलर चढेल म्हणून मी महिनाभरासाठी सौदा धरून ठेवायचो. मध्येच तो आज पडेल असं वाटलं, की विकायला हात शिवशिवायचे; वायद्यात हातात नसलेला डॉलरही आधी विकून, पडला की स्वस्तात घेता येतो. एकाच खात्यात विकलं की धरलेला सौदाच कटायचा. म्हणून दुसऱ्या दलालाकडे आणखी एक खातं उघडायचं मी मनावर घेतलं.

बायको शाळेत गणित शिकवायची. तिने विचारलं, "दोन खाते कायले पायजे?"

"एक धरून ठेवाले, एक रोजच्या उलाढालीले."

"मंग दुसरं माह्या नावानं उघडा. धरून ठेवनं तुमाले जमत नाही. ते मी करते."

मला हसू आलं, पण खातं तिच्याच नावाने उघडलं. हळूहळू ती चहाबरोबर हिंदी पेपरातलं व्यापाराचं पान वाचू लागली.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. तेल महागल्याची बातमी वाचून, आता डॉलर चढणार म्हणून, मी दुकान उघडताच डॉलर घेतला. घेतला आणि तो घसरायला लागला. दुपारी जेवायला घरी आलो, तर स्वयंपाकघरातून वड्यांचा घमघमाट. सणवार नसताना वडाभात!

"कसा चालला तुमचा डॉलर?" तिने वाढता वाढता विचारलं.

"मस्त चालला," मी ठोकून दिलं.

"मस्त? तो तं उतरून राहिला!"

"तुले कसं माहीत?"

"मी सकाळीच विकला न जी. आता पोटभर जेवा, माह्याकडून."

माझा घास हातातच राहिला. "अवं, मी घेतला ना तोच!"

 ती पळी खाली ठेवून भिंतीला टेकली आणि हसत सुटली. मीही सुटलो. माझं गेलं ते तिला मिळालं होतं, घर होतं तिथेच होतं. दलाली मात्र दोन्ही दलालांनी घेतली होती, तिच्याही अन् माझ्याही.

रविवारी आम्ही सौंदडला तिच्या माहेरी गेलो. ही गोष्ट पोटात ठेवणं तिला शक्यच नव्हतं. सासरे बांधावरून नुकतेच आले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "जवाईबापू, डॉलर दिसते कसा?"

मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.

"आमी नाही पायला, बाबा," ती म्हणाली. "आमाले रुपयेच भेटतात."

"दोघाईनंबी नाही?" सासरे खाटेवर बसले ते पोट धरूनच. शेजारच्या दोघातिघांना हाका मारून त्यांनी तिला सारं पुन्हा सांगायला लावलं, आणि तिनेही माझ्या चेहऱ्याची नक्कल करत करत सांगितलं.

परतीच्या गाडीत आमची वाटणी बदलली. रोजची उलाढाल तिची, धरून ठेवायचं काम माझं. पुढे कितीतरी वर्षं ती सकाळी पेपर आधी हातात घ्यायची, आणि चहा मी करायचो.