मोडायच्या आधीची खरेदी

माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू होतं, त्या हिवाळ्यात आमची गोबी भरल्या विहिरीच्या काठावर वाळली. पावसाळा चांगला झाला होता, पाणी बरंच वर होतं. ते काढणारी मोटार तेवढी जळाली होती.

बाबांनी मोटार त्याच दिवशी जीपमध्ये टाकून परतवाड्याला नेली. वाइंडिंगवाल्याच्या अंगणात आधीच मोटारींची रांग लागली होती. आठवडा लागेल म्हणाला, दिली नवव्या दिवशी. तोवर बाबा आणि माय बादलीनं पाणी शेंदत होते. लावण नुकतीच झालेली, रोपांनी अजून मूळ धरलेलं नव्हतं. विहिरीजवळचे चार वाफे तेवढे जगले. बाकीची गोबी माती झाली.

मला अमरावतीला यातलं काहीच कळवलं नाही. फोनवर माय रोज म्हणायची, सारं बरं हाय, तू अभ्यास कर. संक्रांतीला घरी आले तेव्हा पाहिलं, माय पहाटे उठून परतवाड्याच्या बाजारात जाते, दुसऱ्याच्या वावरातली भाजी घेते आणि तिथंच बसून विकते. तीस वर्षं आपला माल विकलेली बाई. ओळखीच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, घरची हाय काय, की ती दुसरीकडे पाहायची. त्या हिवाळ्यात भाजी पिकवणाऱ्यांच्या आमच्या घरी रोज बेसन शिजत होतं.

यात मला राग कशाचा आला ते सांगते. आमच्या भागात सगळ्यांच्या मोटारी पावसाळाभर बंद असतात. पॅकिंग वाळतं, उंदीर वायर कुरतडतात, बेअरिंगला गंज धरतो. दिवाळीच्या मागेपुढे ओलित सुरू झालं की सगळे एकाच पंधरवड्यात बटन दाबतात आणि सगळ्यांचं एकाच पंधरवड्यात मोडतं. मग परतवाड्याच्या दुकानांत वायसर मिळत नाही, मिस्त्री फोन उचलत नाही. दरवर्षी हेच. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरीही कुणी आधी काही घेऊन ठेवत नाही.

डिग्री घेऊन घरी आले तेव्हा दसऱ्याला महिना होता. आमच्या घराण्यात कॉलेजात पाय ठेवणारी मी पहिली. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. आल्या आल्या मी वही घेतली, मोटारीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत गेले आणि काय काय मोडू शकतं त्याची यादी केली. फ्यूजची तार, स्टार्टरचे पॉइंट, फूट व्हॉल्व्हचं चामडं, ग्लँडची दोरी, ग्रीस, पाइप जोडायचे कपलर, ते चिकटवायच्या सोल्युशनची डबी, हॅक्सॉची पानं.

बाबांनी यादी ऐकली आणि पुढचं जेवण थांबवलं.

"घरात कोनी कफन आनून ठेवते काय? मोडायच्या आधी घेनं म्हंजे मोडाले बलावनं."

मी म्हटलं, गेल्या खेपेला कुणी बोलावलं होतं? त्यावर ते ताटावरून उठले. माय दोन दिवस आमच्यात निरोप पोचवत राहिली, मी म्हणायचे बाबांना सांग चहा झाला, बाबा म्हणायचे पोरीले सांग गाय सोड.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच परतवाड्याला गेले. दुकानदार म्हातारा होता, नाकावर चष्मा, मागं छतापर्यंत खोकी. यादीतला एकेक जिन्नस काढून देता देता तो कपलरवर थांबला. नमुना आणला काय, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, माप आणलंय. आमच्या घरी तो पाइप अडीच इंची म्हणून ओळखला जातो, सगळेच तसं म्हणतात. मी घरूनच हिशेब करून आले होते, एका इंचाचे साडेपंचवीस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अडीच इंचाचे त्रेसष्ट. दुकानात पाइप मिलिमीटरवरच मिळतात हे मला माहीत होतं. त्रेसष्टचे चार कपलर द्या, म्हटलं.

"मापापेक्षा नमुना बरा राह्यते, ताई," तो म्हणाला. मी म्हटलं, मी सायन्सची आहे. त्यानं चार कपलर मोजून दिले.

सगळं सामान मी तेलाच्या रिकाम्या पिप्यात भरलं आणि वावरातल्या झोपडीत आढ्याला टांगलं. शेजारच्या वावरातले काका बांधावरून पाहत होते.

"काहून वं बाई, मोटारीचं बाळंतपन हाय काय? लय तयारी करून राहिली."

मी हसले. बाबा हसले नाहीत, आणि काकांनाही हसू दिलं नाही. काकांकडे एकदा रोखून पाहिलं आणि मान फिरवली. माझी बाजू घेतली की माझ्याबरोबर दिसायची लाज वाटली, ते मला तेव्हा कळलं नाही.

दिवाळी झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे दिवसाची लाईन होती, सकाळी नऊ ते पाच. एका दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही तिघांनी सव्वीस वाफे गोबी लावली आणि हाती जेवढं पाणी होतं तेवढं शिंपडलं. खरं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचं होतं. ते त्या दिवशी मिळालं नाही तर संध्याकाळपर्यंत रोपांनी मान टाकली असती आणि पुन्हा लावायला रोप उरलेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षीही गोबी गेली असती तर माय पुन्हा दुसऱ्याची भाजी घेऊन बसली असती. तिघांच्याही डोक्यात तेवढंच होतं.

नऊला लाईन आली. मोटार सुरू झाली, पाणी तिसऱ्या वाफ्यात गेलं आणि विहिरीपासून वीसेक पावलांवर पाइप फाटला. हातभर लांब चीर. पाणी कारंज्यासारखं उडायला लागलं. बाबांनी धावत जाऊन मोटार बंद केली.

मी झोपडीकडे पळाले. खोटं कशाला सांगू, पळताना मला आनंद झाला होता. पिपा उतरवला, कपलर घेतला, हॅक्सॉ घेतला. बाबांनी चीर गेलेला तुकडा कापून बाजूला केला. मी कपलर पाइपावर लावायला गेले तर तो पाइपाच्या तोंडालाच अडला. बोटभर लहान होता. दुसरा घेतला, तोही तसाच. चारही तसेच असणार हे माहीत असून मी चारही लावून पाहिले.

बाबांनी एक हातात घेऊन फिरवला. "हे दोन इंची हाय."

"त्रेसष्ट आहे, बाबा. अडीच इंच म्हणजे त्रेसष्टच."

"इंच तुया पुस्तकातला. पाइपाचा इंच येगळा राह्यते."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले आणि कपलर मातीत ठेवला. मागून कळलं ते असं की पाइपाच्या धंद्यात त्रेसष्टला दोन इंची म्हणतात आणि अडीच इंची म्हणजे पंच्याहत्तर. माझा गुणाकार बरोबर होता आणि माल चुकला होता.

परतवाड्याला जाऊन आणावा तर जीप भरल्याशिवाय सुटत नाही, जाऊन येईपर्यंत तीन वाजले असते. काकांचा पाइप तीन इंची, त्यांच्याकडचं काही चालत नव्हतं. मी बांधावर बसून राहिले. माय बादली घेऊन विहिरीकडे निघाली होती, ती थांबली.

"एकमेकायचे तोंडं काय पाहून राहिले? रोपं मरून राहिली."

बाबा उठले. मला म्हणाले, मागच्या सालची पऱ्हाटी आन. वाळलेल्या कपाशीच्या काड्या झोपडीमागं रचलेल्या होत्या, मी कवळाभर आणल्या. विहिरीमागं त्याच पाइपाचे जुने दोन तुकडे पडले होते. त्यातला एक त्यांनी कापून घेतला आणि जाळावर धरून त्याचं तोंड फिरवत फिरवत तापवायला लागले. पाइप नरम झाला की तो दुसऱ्या पाइपावर चढवायचा, थंड झाला की तोंड तेवढंच रुंद राहतं. कपलरची गरज पडत नाही. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं, कारण असल्या वेळी मी कॉलेजात असायचे.

पहिला तुकडा गेला. वाऱ्यानं जाळ वाकडा झाला, एक बाजू काळी पडून खाली लोंबली. बाबांनी तो फेकला. आता एकच उरला होता. साडेअकरा वाजून गेले होते. ऊन चढत होतं आणि लांबूनही दिसत होतं की कडेच्या वाफ्यांतली पानं मलूल पडताहेत. माय मोजून बादल्या नेत होती, एका वाफ्याला सहा.

दुसऱ्या वेळी बाबांनी मला वाऱ्याच्या बाजूनं पोतं आडवं धरून उभं केलं. धूर सरळ तोंडावर येत होता. हलू नको, एवढंच म्हणाले. एक तोंड झालं. ओल्या पोत्यानं धरून ते चढवून पाहिलं, बसलं. दुसरं तोंड झालं. माझ्या पिप्यातली नवी हॅक्सॉची पानं आणि सोल्युशनची डबी नसती तर एवढं करूनही ते जमलं नसतं. घरात होतं ते जुनं पान दात गेलेलं आणि जुनी डबी दगड झालेली. हे बाबांनी पाहिलं होतं.

तुकडा बसवून, सोल्युशन लावून झालं तेव्हा एक वाजला होता. बाबा लगेच मोटारीकडे निघाले. मी आडवी गेले. डबीवर लिहिलं होतं, तासभर पाणी सोडू नये. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आता सुरू केलं आणि जोड सुटला तर तिसरा तुकडा नाही, म्हटलं.

ते उन्हाकडे पाहत राहिले, मग वाफ्यांकडे.

"हेही चुकलं तं?"

"चुकलं तर माझं नाव घ्या."

ते खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाचण्यावर ते थांबले. तो तास आम्ही तिघं बादल्या वाहत होतो.

दोनला मोटार सुरू केली, व्हॉल्व्ह अर्धाच उघडून. जोडाशी मी पोटावर पडून पाहत होते. एका बाजूनं थेंब आला, दुसरा आला, मग थांबला. पाणी पुढं गेलं. पाचला लाईन गेली तेव्हा दोन वाफे राहिले होते, ते आम्ही बादलीनं भिजवले. गोबी जगली. माय त्या हिवाळ्यात आपला माल घेऊन बाजारात बसली.

बाबांनी माफी मागितली नाही, मीही नाही. पण मला एक गोष्ट पटली. मोडायच्या आधी न घेणं हा आमच्या लोकांचा निव्वळ भित्रेपणा नाही. इथं सामान मापानं घेत नाहीत, मोडलेला तुकडा नेऊन त्याला जुळेल ते घेतात. मोडलंच नाही तर दुकानात न्यायचं काय? एवढा साधा विचार माझ्या यादीत नव्हता.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी बाबांनी प्रत्येक पाइपाचा बोटभर तुकडा कापला, जुनं चामडं, जुनं वायसर, सगळं तारेत ओवलं आणि मला म्हणाले, वही घे, चाल. दुकानदारानं मला ओळखलं. या खेपेला ताई नमुना घेऊन आल्या, म्हणाला. बाबा म्हणाले, नमुना माया हाय, यादी तिची हाय.

त्या हिवाळ्यात पाइप दोनदा फाटला, स्टार्टर एकदा बंद पडला आणि फूट व्हॉल्व्हचं चामडं गेलं. चारही वेळा दुरुस्ती त्याच दिवशी, आमच्याच हातानं झाली. पाण्याची एकही पाळी चुकली नाही.