नियम बदलले आणि ज्ञानोबा रुसला

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. लेथखालच्या लोखंडी किसासारखे ते आपोआप साठतात. मधूनमधून झाडून बाहेर काढले नाहीत, तर पाय घसरतो!

चिखलीतल्या माझ्या वर्कशॉपला गुरुवारी सुट्टी. मशिनी बंद, पण ऑफिसातला कॉम्प्युटर चालू. त्यावर आम्ही म्हातारे राक्षस मारायचा गेम खेळतो. चौघांची एक टोळी, माउस आळीपाळीनं. ज्ञानोबा लढवय्या. जन्मभर कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर पहिल्या नंबरला उभा राहिला, इथंही सगळ्यांच्या पुढं. कांबळेसाहेब क्वालिटीतून रिटायर, ते जादूगार. ज्ञानोबाची बायको हिरावहिनी एकदा त्याला जेवायला बोलवायला आल्या त्या बसल्याच. त्या पुजारीण. मी चोर. का ते विचारू नका!

गेमचा नवा भाग आला की त्यामागचं नियमांचं पुस्तकही बदलतं. काल जो वाघ होता, तो आज मांजर. साहेब म्हणतात, "ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली, की जुनं ड्रॉइंग मशीनवरून काढायचं." काढतंय कोण!

*

पहिल्या भागात जादूगार म्हणजे फुंकर मारली तर पडेल असा. दिवसाला जादू एक. साहेबांनी ती उंदरावर वापरली आणि पुन्हा भरून यावी म्हणून गेममधले आठ तास झोपले. आम्ही तिघं पहाऱ्याला.

ज्ञानोबा म्हणाला, "असली शिफ्ट आमाला कंपनीनं कधी दिली न्हाई!"

*

पण साहेब चिवट. गेम शेवटाला येईस्तोवर त्यांच्या हातात आगीचा गोळा आला. टाकला की त्यांनी! बारा राक्षस जळाले. ज्ञानोबा तेरावा.

"साहेब, मी बी आत हुतो!"

साहेब शांतपणे म्हणाले, "लॉटमध्ये एखादा चांगला पीस रिजेक्ट होतोच."

*

जुन्या पुस्तकात चिलखताचा आकडा जितका कमी, तितका माणूस सुरक्षित. दुसऱ्या भागात उलटं केलं. आकडा जास्त तितकं चांगलं. साहेबांनी नियम छापून भिंतीवर लावला. पण ज्ञानोबानं कंपनीतले सेफ्टीचे बोर्ड कधी वाचले नाहीत, तो हे काय वाचणार!

तो आकडा उतरवायच्या मागं. ढाल काढली, आकडा उतरला. टोप काढला, आणखी उतरला. गडी खूश. मला नियम माहीत होता. मी गप्प. असे योग रोज येत नाहीत, राव!

शेवटी राक्षसांसमोर नुसत्या चड्डीवर उभा राहून म्हणाला, "पार तळाला आनलाय आकडा. आता या म्हनावं!"

आले.

*

त्याच पुस्तकात पुजारिणीचं नशीब फळफळलं. आधीच्या भागात हिरावहिनींना नुसती मलमपट्टी. "घरी तेच, हितं बी तेच!" म्हणून कुरकुरायच्या. नव्या नियमांनी त्यांना चिलखत दिलं, गदा दिली, वर दुप्पट आकाराचं व्हायचा मंत्र दिला. ज्ञानोबा दारातून आत जाईस्तोवर राक्षस खलास.

"अगं, एखादा तरी ठेव माझ्यासाठी!"

"तुमी मागंच ऱ्हावा. उगं लागंल तुमाला."

झालं! ज्ञानोबानं माउस खाली ठेवला, चपला घातल्या. "लढवय्याला कामच न्हाई, तर मी यिऊन काय करू?"

पुढचे कितीतरी गुरुवार तो आला नाही. चाकणला भावाच्या कांद्याच्या गाळ्यावर जाऊन बसायला लागला. वहिनी यायच्या, पण त्यांची गदाही पहिल्यासारखी चालेना.

*

मग तिसरा भाग आला, आणि पुस्तक परत बदललं. आता जादूगारानं मोठी जादू एका चित्तानं धरून ठेवायची. मध्येच एक फटका बसला, की जादू गेली. समोर आग ओकणारा ड्रॅगन, आणि साहेबांच्या पुढं उभं राहायला कुणीच नाही. सहा वेळा त्यांनी मार खाल्ला. सातव्यांदा उठले आणि म्हणाले, "स्कूटर काढा."

ज्या माणसानं नोकरीत मॅनेजरलाही कधी विनंती केली नाही, तो गाळ्यावर हमालांच्या देखत म्हणाला, "ज्ञानोबा, चला. तो मला सारखा मारतोय. तुम्ही पुढं उभे राहिल्याशिवाय माझा निभाव नाही."

ज्ञानोबा काही बोलायच्या आत हमालांचा मुकादम उठला. "साहेबांना मारतोय? कोन हाय त्यो?"

मी म्हटलं, "चिखलीत असतो. अंगानं जरा मोठा आहे."

आमच्या स्कूटरमागं टेम्पो. टेम्पोत ज्ञानोबा, मुकादम आणि पाच हमाल!

सगळे ऑफिसात शिरले. वहिनींनी खुर्ची रिकामी केली. ज्ञानोबा बसला, चष्मा पुसला, माउस धरला. पडद्यावर ड्रॅगन पंख पसरून आला.

मुकादमानं त्याला शेपटीपासून पंखापर्यंत बघून घेतलं. मग खांद्यावरचा पंचा कमरेला आवळला, ज्ञानोबाच्या खुर्चीमागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला,

"तू बिनघोर हो पुढं. मागं आमी हाय."