वावर : एकेचाळीस चिठ्ठ्या

माझ्या हातून जळालेल्या चिठ्ठ्यांचा आकडा चार हजार दोनशे बत्तीस आहे. त्यातली एक माझ्या आईची होती.

चिखलीला आमच्या शेजारी इंग्रजीचे निवृत्त मास्तर राहत. शाळेच्या कपाटात एका मोठ्या इंग्रजी शब्दकोशाचे जाडजूड खंड होते. तो कसा तयार झाला, हे मास्तरांनी वाचलं होतं. साध्यासुध्या माणसांनी वर्षानुवर्षं पुस्तकं चाळून एकेक शब्द वाक्यासकट चिठ्ठीवर उतरवला, टपालाने धाडला, आणि त्या ढिगातून कोश उभा राहिला. मास्तरांनी आपल्या बोलीसाठी तेच आरंभलं. बोलीची पुस्तकं नव्हती, म्हणून ते माणसांकडे जात; अमडापूरच्या बाजारात, लोणारच्या एसटीत, आमच्या ओसरीवर. चिठ्ठीवर शब्द, बोललेलं वाक्य, गाव आणि वय.

'वावर', म्हणजे शेत, या शब्दासाठी त्यांनी आईचं वाक्य घेतलं तेव्हा ती तूर निवडत होती.

"लिवून काय करता मास्तर? म्या मेल्यावर मले बोलाले ठेवता काय?"

"हाव," मास्तर म्हणाले. दोघंही हसले. पुढच्या वर्षी आई गेली.

नंतर मास्तर मोतीबिंदू काढायला महिनाभर अकोल्याला गेले. जाताना नऊ खोकी माझ्याकडे दिली. "तुह्यासारखा नेटका माणूस नाही. अक्षरवार लावून ठेव."

मी धान्यबाजारात वजनाच्या नोंदी ठेवत असे. मोजल्या तर चिठ्ठ्या सहा हजार चारशे बारा भरल्या, पण शब्द दोन हजार एकशे ऐंशीच. एकेक शब्द कितीदा तरी आलेला. दुबार नोंद ठेवायची नाही, हा माझा बाजारातला नियम. प्रत्येक शब्दाची वरची चिठ्ठी ठेवली, एकूण किती होत्या तो आकडा तिच्या कोपऱ्यात लिहिला आणि बाकीच्या बंबात घातल्या. वाक्यं वाचली नाहीत. आठ दिवस आंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापलं.

मास्तर परतले. जाड काचांच्या चष्म्यातून नऊपैकी उरलेली तीनच खोकी बघत राहिले.

"बाकीच्या?"

मी सांगितलं.

"पाणी तरी चांगलं तापलं असंन," ते म्हणाले.

मग मला शाळेत नेऊन त्यांनी कोशाचा एक खंड उघडला. एका शब्दाखाली दीड पान वाक्यं होती, जुन्यापासून नव्यापर्यंत. "अर्थ काय, कोणीही लिहीन. हा कोश टिकला तो यायच्यावर," असं म्हणत त्यांनी वाक्यांवरून बोट फिरवलं. ती माणसं कधीच मेलेली, पण त्यांची वाक्यं तिथे जशीच्या तशी होती. मला तिथे उभं राहवेना.

घरी येऊन मी 'वावर'ची चिठ्ठी काढली. लोणारच्या एका गड्याचं वाक्य होतं. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात एकेचाळीस.

मास्तरांनी पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी कोरी चिठ्ठी घेऊन ते आमच्या ओसरीवर बसले.

"तुही माय काय बोलली होती वावराबद्दल? आठोव."

तिच्या मांडीवरचं तुरीने भरलेलं सूप आठवलं, तिचं हसणं आठवलं, मास्तरांना मारलेला टोमणाही शब्दाशब्दाने आठवला. वावराचं ते वाक्य आठवलं नाही. मग मास्तरांनी चिठ्ठीवर शब्द लिहिला, गाव लिहिलं, आईचं वय लिहिलं आणि मधली ओळ कोरी सोडली.

ती चिठ्ठी आता माझ्याकडे आहे. बंब पेटवताना मी कागद घालत नाही, तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्याच घालतो. त्या तडतडतात, तेव्हा आत कोणीतरी बोलत असल्यासारखं वाटतं, आणि मी कान देऊन उभा राहतो.