बंद खोलीतलं बोलणं

हळदीकुंकवाला पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. वाण देता देता सासूबाई हसून म्हणाल्या, "आमच्या सूनबाईंचा इथे जीव गुदमरतो म्हणे. पागेवाल्यांची ना, मोकळं रान लागतं तिला."

बायका हसल्या. मी तबक धरून उभी. माझे पणजोबा दरबारच्या पागेत घोडे राखत. सासरचे दरबारच्या दफ्तरात लिहीत. दरबार गेला, पण शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हे मोजमाप अजून चालतं.

मला बोचलं ते वेगळंच. जीव गुदमरतो, हे मी एकाच ठिकाणी बोलले होते. समुपदेशक बाईंच्या बंद खोलीत.

नवरा म्हणाला होता, परक्याला कशाला सांगायचं, आपल्यातल्याच बाई बघू. खासगी बाजार मोहल्ल्यातल्या या बाई सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या. मला ठाऊक होतं. उलट त्यामुळेच भरवसा वाटला. मूर्ख मी.

तीन महिने त्यांनी मला वहीत विचार लिहायला लावले. डावीकडे माझा, उजवीकडे योग्य. 'मला इथे कोणी विचारत नाही' यासमोर 'मोठ्यांचं बोलणं मनावर घेऊ नये'. पद्धत वाईट नसेलही. पण उजवी बाजू त्या सांगत आणि मी निमूट लिहून घेई.

मग कंपू मोहल्ल्यातली एक हिंदी बोलणारी समुपदेशक शोधली. इथलं बोलणं इथेच राहील, असं तिने आधीच सांगितलं. माझा विश्वास बसेना. दोनदा नुसती बसून आले. तिसऱ्या वेळी तिने समोर रिकामी खुर्ची ठेवली. "जिससे कहना है, उसे यहाँ बिठाइए।"

मला वाटलं, सासूबाईंना बसवीन. बसवलं नवऱ्याला.

"हळदीकुंकवाच्या दिवशी तू दारातच उभा होतास," मी खुर्चीला म्हणाले. "तुला सगळं ऐकू येत होतं."

रडू आलं नाही. राग आला. सहा वर्षं मी सासूबाईंशी मनातल्या मनात भांडत होते, आणि हा शेजारी फोन बघत बसला होता.

घरी येऊन तेच त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आई आहे ती. छोड़ ना, कशाला वाढवतेस?" मी म्हटलं, मंगळवारी माझ्याबरोबर चल. त्या खोलीत तूही बोल. तो म्हणाला, बघतो.

त्याचं बघतो म्हणजे नाही, हे मला पाठ आहे. म्हणून तिथेच सांगून टाकलं, "मंगळवारी तू आला नाहीस तर कंपूतून मी या घरी परत येणार नाही."

मंगळवार परवावर आलाय. त्याचं अजून बघतोच चाललंय. मी कपडे आणि कागदपत्रं बांधून ठेवली आहेत.