रविवारचा बाजार

कासीम गेल्याचं पोस्टकार्ड साताऱ्याला हाती पडलं तेव्हा मी सातवीचे गणिताचे पेपर तपासत होतो. खोटं कशाला लिहू? डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आता त्याची वही कायमची अपुरी राहणार... महिना झाला, ती लाज गेलेली नाही, म्हणून हे लिहितोय.

युद्धाच्या वर्षांत मी सांगलीला शिक्षक होतो आणि कासीम आमच्या शाळेची पुस्तकं बांधून द्यायचा. शिक्षण मराठी चौथी. आम्हा दोघांना खूळ एकच, मुंबईच्या शेअरबाजाराचं. एक शेअर कधी घेतला नाही, नुसतं वर्तमानपत्रातल्या भावांच्या यादीवर पेन्सिल घेऊन बसायचं. मी मोठ्या गिरण्यांचे भाव उतरवून घ्यायचो. कासीम सगळी यादी मोजायचा : किती शेअर चढले, किती उतरले, किती जागचे हलले नाहीत. "आवं मास्तर, चार गिरण्या वर गेल्या म्हंजे बाजार वर गेला व्हय? बाकीच्या पडल्या त्येंचं काय?" हे मला, बी. ए. झालेल्याला, सुचायला हवं होतं! मीही मुकाट्यानं मोजू लागलो आणि लोकांना कल्पना माझीच म्हणून सांगू लागलो.

पण आजचा आकडा मोठा की लहान, हे मागचे आकडे असल्याशिवाय कळणार कसं? मग जुनी वर्तमानपत्रं शोधणं आलं. कागदाची टंचाई, रद्दी दिसली की वाण्याच्या पुडीत जायची. मी वाचनालयाला रीतसर अर्ज करून उत्तराची वाट बघत बसलो. या पठ्ठ्यानं काय करावं? बांधणीला येणाऱ्या जुन्या रजिस्टरांच्या पुठ्ठ्यांत वर्तमानपत्रांचे थर खळीनं चिकटवलेले असत. तो पुठ्ठे परातीत भिजवायचा, एकेक पान हलकेच सोडवायचा आणि अंगणात दोरीवर वाळत घालायचा. खाली त्याची बायको, आमची भाभी, कपाळाला हात लावून उभी! सगळे कौतुकानं हसायचे. माझी मात्र अशी जळजळ व्हायची, की घरी येऊन जेवण जात नसे.

एकदा ताडून बघायला त्यानं माझी वही मागितली. दोन पानं उलटली आणि खो खो हसला. "मास्तर, रविवारी बाजार कुठं भरतोय वं?" ... मुंबईचं वर्तमानपत्र आमच्याकडे शिळं होऊन यायचं आणि मी ते हातात पडल्याची तारीख घालत गेलो होतो. वर्षभराची वही चुकलेली, आणि हे उघड झालं ते चार शिक्षकांदेखत. त्याच्या मनात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तारखा दुरुस्त करून द्यायला आपणहून आला. मी म्हटलं, "राहू दे."

पुढं माझी साताऱ्याला बदली झाली. तोवर त्याच्या वहीत सलग तीन वर्षं भरली होती, फक्त एका आठवड्याचे सहा दिवस सापडत नव्हते. पत्रात दर वेळी तेच : "ते सा दिवस कुठं घावले तर कळवा." आणि ते घावले मला! मिरजेहून बहिणीसाठी तंबोरा मागवला, त्याच्याभोवती कोंबलेल्या कागदांत नेमका तोच आठवडा, भावांच्या यादीसकट. मी कागद हातानं सरळ केले, ट्रंकेत ठेवले आणि कळवलं नाही. माझ्याकडे आहे आणि कासीमकडे नाही, असं जगात तेवढंच होतं.

नंतर तो एकदा मुक्कामाला आला. त्याला घोंगडी द्यायला ट्रंक उघडली. कागद वरच! झटकन झाकण लावलं. तो चहात अजून गूळ मागत होता, इकडं बघतही नव्हता. सुटलो, म्हटलं.

परवा सांगलीला गेलो, कागद घेऊन. भाभीनं वही पुढ्यात ठेवली. "मास्तर आले की द्या म्हनले हुते." कापडी पाठीची, त्यानंच बांधलेली. त्या आठवड्याचं पान काढलं. सहा ओळी कोऱ्या आखलेल्या, शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षर : "मास्तरांच्या ट्रंकेत हायत. सवडीनं देतील."

मेला तरी यानं मलाच मागं टाकलं... तिथंच बसून मी सहाही दिवस मोजले. चढलेले, उतरलेले, जागचे न हललेले. शेवटी तारखा घालायची वेळ आली तेव्हा भाभीकडून त्या वर्षाचं जुनं कॅलेंडर मागून घेतलं आणि रविवार कुठं येतो ते दोनदा बघितलं.