सईच्या खांद्यासाठी साताऱ्याला

माधवनगरहून निघालो तेव्हा सईच्या सॅकमध्ये ग्लोव्ह, बूट आणि माझ्या हट्टापायी घेतलेला लाकडी मुद्गल होता. सई माझी मुलगी, नववीत शिकते. बेसबॉलमध्ये ती पिचर आहे, म्हणजे समोरच्या फलंदाजाला चेंडू फेकणारी. अलीकडे तिच्या फेकीचा वेग घसरला होता आणि जिल्हा संघाची निवड पुढच्या रविवारवर आली होती. साताऱ्यात नंदाताई म्हणून एक जुन्या खेळाडू आहेत, त्या मुलांची ताकद वाढवून देतात असं कळलं, म्हणून सांगली स्टँडवर आम्ही एसटी पकडली.

"सॅक तूच घे," मी म्हणालो, "खांद्याला तेवढाच व्यायाम."

मी तालमीत वाढलेला माणूस. ताकद म्हणजे जोर, बैठका आणि मुद्गल, एवढंच मला ठाऊक. सुताराकडून तिच्या मापाचा मुद्गल करून घेतला होता. पहाटे उठवून तिच्याकडून जोर काढून घ्यायचे, मुद्गल फिरवून घ्यायचा आणि मग भिंतीवर चेंडू. ती थांबली की मी म्हणायचो, "आणखी थोडं."

पेठ नाक्यापर्यंत दोन्ही बाजूंना उसाला तुरे आलेले. कराडला गाडी थांबली तेव्हा गरम बटाटेवडे घेतले. सई डाव्या हातानं खाऊ लागली.

"उजव्या हातानं खा गं. लोक काय म्हणतील?"

तिनं मुकाट्यानं हात बदलला. मी वड्याबरोबरच्या तळलेल्या मिरचीची तारीफ करत राहिलो.

रात्री स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो आणि सकाळी मैदानावर गेलो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी तांबडी माती, एका कडेला पत्र्याची शेड. मुलंमुली टायर ओढत होती, एका पायावर वाकत होती, रबराचे पट्टे हळूहळू ताणत होती. चेंडू मात्र एकाच्याही हातात नाही! एवढ्या लांब येऊन फसलो असं वाटलं.

नंदाताई पुढं आल्या. ट्रॅकपँट, गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत.

"आवं दादा, उभं का? उतरा खाली. हितं आई-बाप बघत बसत न्हाईत."

"मी? मी पूर्वी तालमीत..."

"मग तर लय बरं झालं."

वजन न घेता नुसतं खाली बसून उठायचं, पण इतकं सावकाश की मांड्या थरथरायला लागल्या. मग कोपरांवर शरीर तोलून धरायचं. मी धपकन मातीत पडलो.

"काका, पैलवान होता नव्हं?" शेजारचं एक पोरगं म्हणालं. सई खळखळून हसली. किती दिवसांनी हसली, हे मला तेव्हा जाणवलं.

"दादा, चेंडू सुटतो हातातनं," ताई म्हणाल्या, "पर जोर येतो पायातनं, कमरंतनं. तिथं न्हाई भरला की समदा भार खांद्यावर. आता तेवढा जार भरून आणा."

नळ शेडमागं होता. जार भरला, पण उचलून उभं राहवेना. तिथंच पायरीवर टेकलो. पत्र्यापलीकडून ताईंचा आवाज आला.

"बाळा, कवापासनं दुखतंय?"

"दिवाळीपासून."

"घरी सांगितलंस?"

"कसं सांगू? पप्पा माझ्यासाठी पहाटे उठतात. दिवसभर यंत्रमागावर उभे असतात, तरी उठतात. मुद्गल पण करून आणला."

पाणी डोळ्यांवर मारलं आणि जार घेऊन गेलो. ताईंनी मला बाजूला घेतलं.

"दुखण्याचं इचारायचं असलं की आमी आई-बापांना पाण्याला धाडतो. त्यांच्या म्होरं पोरं 'न्हाई दुखत' म्हणत्यात. तुमी ऐकलं व्हय?"

मी मान डोलावली. ताईंनी सईला हाक मारून जवळ बोलावलं.

"आधी हाडाच्या डॉक्टरांना दावा. ते सांगतील तवर फेकायचं न्हाई. पाय, कंबर, पाठ, आन पोटभर झोप. रविवारची निवड सोडा."

सईनं चटकन माझ्याकडं पाहिलं. दिवाळीपासून ती असंच माझं तोंड बघून बोलत आली असणार.

"सोडली," मी म्हणालो.

तिचे डोळे भरले. पण आवळून धरलेला खांदा खाली आला. ताईंनी मुद्गल हातात तोलून पाहिला. "लय देखणा हाय. पर ह्यो तुमीच फिरवा," म्हणाल्या. एका सकाळीत त्यांनी मला पुष्कळ काही दिलं होतं. मी वाकून नमस्कार केला.

घरी न्यायला कंदी पेढे घेतले. परतीच्या एसटीकडं जाताना सई मागं रेंगाळली.

"पप्पा."

"काय गं?"

"सॅक घ्या ना. खांदा दुखतोय."

गाडी सुटायला आली होती. कंडक्टर ओरडत होता, सकाळच्या व्यायामानं आंबलेले माझे पाय पायरी चढायला तयार नव्हते, आणि तरी मी दोन्ही हात पुढं करून ती सॅक घेतली. सांगलीपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारी सई डाव्या हातानं पेढा खात होती.